विश्लेषण : काशीदला फिलिपिनो कॅफे आणि बबल टी चालेल का? अडचण चवीची नाही, स्ट्रॉची आणि परवान्याची!

जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना फिलिपिन्समध्ये १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येते. फिलिपिन्सचे अध्यक्ष फर्डिनंड मार्कोस ज्युनिअर ऑगस्ट २०२५ मध्ये भारत भेटीवर आले, तेव्हा फिलिपिनो पर्यटकांसाठी मोफत ई-व्हिसाची घोषणा झाली. ऑक्टोबरमध्ये दिल्ली-मनिला थेट विमान सुरू झाले. पर्यटक फिरून आले की त्यांच्यामागोमाग पदार्थही येतात. बबल टी तर मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये आधीच पोहोचला आहे आणि जांभळ्या रंगाचे ‘उबे’ आइस्क्रीम इन्स्टाग्रामवर ओळखीचे झाले आहे. हाच ग्राहक शनिवार-रविवारी रायगडच्या किनाऱ्यावर येतो. मग काशीदसारख्या ठिकाणी भात, मासे, नूडल्स आणि बबल टी देणारा साधा फिलिपिनो कॅफे चालू शकेल का? चालला तर त्यातले किती पैसे गावात राहतील?

फिलिपिनो कॅफेत नेमके काय मिळते?

फिलिपिनो जेवणाचा पाया भात, मासे, नारळ आणि आंबटपणा हा आहे. ‘अडोबो’ म्हणजे व्हिनेगर, लसूण, मिरी, तमालपत्र आणि सोया सॉसमध्ये शिजवलेले कोंबडीचे किंवा डुकराचे मांस. ‘सिनिगांग’ हे चिंचेचे आंबट सार. त्यात मासे, कोळंबी किंवा मांस आणि भाज्या घालतात. चिंचेऐवजी बिंबलही चालते. कोकणात माशाच्या कालवणाला हीच आंबटाई लागते, फक्त इथे जोडीला कोकम असते. ‘पान्सित’ म्हणजे परतलेल्या शेवया आणि ‘लुंपिया’ म्हणजे स्प्रिंग रोलचा भाऊ. हे दोन्ही चिनी स्थलांतरितांकडून आलेले पदार्थ आहेत. ‘पुतो’ हा वाफवलेला तांदळाचा गोड केक इडलीच्या जवळ जातो. माडाच्या ताडीला तिथे ‘तुबा’ म्हणतात. आपल्याकडे तीच माडी.

गोडात ‘हालो-हालो’ प्रसिद्ध आहे. किसलेला बर्फ, आटवलेले दूध, गोड केलेली कडधान्ये, जेली, फळे आणि उबे असा तो उंच ग्लास लांब चमच्याने खातात. आपल्या फालुद्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. उबे म्हणजे जांभळा कंद, ज्याला आपण कोनफळ म्हणतो. उंधियूसाठी थंडीत बाजारात येणारा तोच हा कंद.

या चवी कोकणाला अगदीच परक्या नाहीत. व्यापारी जहाजांवर जगात सर्वाधिक खलाशी पुरवणारा देश फिलिपिन्स आहे आणि भारतही पहिल्या काही देशांत आहे. त्यामुळे कोकणातील अनेक घरांतील दर्यावर्दींनी फिलिपिनो सहकाऱ्यांच्या पंगतीला बसून अडोबो-भात खाल्लेला असतो.

बबल टी फिलिपिनो आहे का?

नाही. तो तैवानचा. १९८० च्या दशकात ताइचुंगच्या ‘चुन शुई तांग’ आणि ताइनानच्या ‘हानलिन’ या दोन चहागृहांनी त्याचा शोध आपणच लावल्याचा दावा केला. दहा वर्षे चाललेला खटला २०१९ मध्ये संपला. हे पेय कुणीही बनवू शकते, त्यामुळे पहिला कोण हे ठरवण्याची गरज नाही, असा त्याचा सूर होता.

मात्र साबुदाण्यासारखे मणी घातलेले पेय फिलिपिन्समध्ये आधीपासूनच होते. ‘सागोत गुलामान’ म्हणजे गुळचट पाण्यात साबुदाण्याचे मणी आणि समुद्री शेवाळाची जेली. ते रस्त्यावर ग्लासात मिळते. त्यामुळे तैवानचा दुधाळ चहा आला तेव्हा तिथल्या लोकांना मणी चावत पिण्याची सवय होतीच. आज साध्या फिलिपिनो कॅफेच्या पाटीवर भाताच्या थाळीशेजारी ‘मिल्क टी’ दिसतो तो यामुळेच.

त्या काळ्या गोळ्या म्हणजे साबुदाणाच का?

जवळपास. दोन्हींचा कच्चा माल एकच आहे, तो म्हणजे कसावा या कंदाचा स्टार्च, ज्याला टॅपिओका म्हणतात. बबल टीच्या गोळ्यांत त्या स्टार्चमध्ये ब्राऊन शुगर आणि गरम पाणी मळून मोठे मणी वळतात. काळा रंग बहुतेकदा साखरेचा किंवा खाद्यरंगाचा असतो.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. भारतात तो पोर्तुगिजांबरोबर आणि फिलिपिन्समध्ये स्पॅनिशांबरोबर आला. काशीदला जाताना वाटेत लागणारे कोर्लई हे त्याच पोर्तुगीज काळाची खूण आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलली जाते. ‘साबुदाणा’ हे नाव मात्र आग्नेय आशियातील सागो ताडाच्या स्टार्चवरून पडले. दुसऱ्या महायुद्धात तिकडची आयात थांबली आणि १९४० च्या दशकात तमिळनाडूच्या सेलममध्ये कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. सेलमच्या साबुदाण्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याचा मोठा ग्राहक अर्थातच उपवास करणारा महाराष्ट्र.

मग बबल टी उपवासाला चालेल का? स्टार्च तोच असला तरी पाकिटातल्या गोळ्यांत रंग, फ्लेवर आणि टिकवणारे पदार्थ असू शकतात. लेबल वाचावे आणि निर्णय घरातल्या आजीवर सोपवावा!

किनाऱ्यावर तो बनवणे अवघड का?

कारण स्टार्चचे विज्ञान. पाण्यात साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला टॅपिओकाचे कण फुगून पारदर्शक आणि चिवट होतात. थंड झाल्यावर त्यातील साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट चिकटू लागतात आणि गोळी कडक, पिठूळ होते. सकाळची साबुदाणा खिचडी दुपारी दडस लागते, त्यामागे हेच कारण आहे. फ्रिजमध्ये ठेवले तर ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणून चांगल्या दुकानात शिजवलेल्या गोळ्या चारेक तासांनंतर टाकून देतात.

आता काशीदचे गणित पाहा. एका कपात सुमारे ५० ग्रॅम शिजलेल्या गोळ्या जातात असे धरले आणि १ किलो कोरड्या गोळ्या शिजून अंदाजे २ किलो होतात असे मानले, तर १ किलोत ४० कप होतात. रविवारी १२० कप खपले तर ३ किलो गोळ्या तीन-चार वेळा शिजवून संपतात. मंगळवारी फक्त ८ कप खपले तर अर्धा किलो शिजवूनही १२ कपांच्या गोळ्या कचऱ्यात जातात. मॉलमध्ये रोज गर्दी असते. काशीदची गर्दी मात्र शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांची आहे. बर्फ, दूध आणि खंडित होणारी वीज हा खर्च वेगळाच. शहाळे, वडापाव, भजी किंवा मॅगीला यातला कोणताच धोका नाही. किनाऱ्यावरच्या टपऱ्यांची पाटी वर्षानुवर्षे तीच का राहते, याचे उत्तर यात आहे.

स्ट्रॉचा प्रश्न काय आहे?

बबल टीची मजा जाड स्ट्रॉमधून गोळ्या ओढण्यात आहे. पण १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉ, कप, ग्लास, चमचे यांवर बंदी आहे. महाराष्ट्रात २०१८ पासूनच प्लास्टिकबंदी लागू असून पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व कैदेची तरतूद आहे. कागदी स्ट्रॉ थंड दुधाळ पेयात मऊ पडतात आणि चिकट गोळी मध्येच अडकते. प्रमाणित कंपोस्टेबल माल मिळतो, पण तो महाग आहे. शिवाय तो वाळूत पडला तर लगेच विरघळत नाही. त्यासाठी कंपोस्टिंगची योग्य व्यवस्था लागते.

काशीदचा किनारा सुमारे ३ किलोमीटरचा, मागे सुरूची झाडे आणि फणसाड अभयारण्याचे डोंगर. त्याची सगळी किंमत स्वच्छ वाळूत आहे. प्रत्येक कपामागे एक जाड नळी आणि एक झाकण वाळूत येणार असेल, तर कॅफेचा नफा मालकाचा आणि साफसफाईचा खर्च गावाचा, असा हिशेब होईल.

परवानगीचे काय?

इथे खरा पेच आहे. ‘सीआरझेड’च्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार किनाऱ्यावर शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलण्याच्या खोल्या अशा तात्पुरत्या पर्यटन सुविधांना भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर ठेवून परवानगी मिळू शकते. राज्य सरकारने २०२० मध्ये बीच शॅक धोरण आणले. त्यात स्थानिकांना प्राधान्य, एका किनाऱ्यावर जास्तीत जास्त १० शॅक आणि तीन वर्षांसाठी परवाना, अशी रचना होती. प्रायोगिक तत्त्वावर आठ किनारे निवडले गेले. त्यात रायगडमधील वरसोली आणि दिवेआगर होते, काशीद नव्हते.

याचा परिणाम साधा आहे. नियमात बसणारी टपरी टाकण्याचा स्पष्ट मार्ग स्थानिकाला नसेल, तर नव्या चवीचा फायदा ज्याच्याकडे रस्त्यालगत स्वतःची जागा, भांडवल आणि जनरेटर आहे त्यालाच मिळतो. बरेचदा तो बाहेरचा असतो. गावातला माणूस तिथे नोकरीला लागतो किंवा गाड्या लावून देतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो टपरीवाला असो की हॉटेलवाला, ‘एफएसएसएआय’ची नोंदणी किंवा परवाना लागतो. तो मिळवणे तुलनेने सोपे आहे. जागेच्या परवान्याचे तसे नाही.

हंगामाचा फटका किती?

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पर्यटकांना पाण्यात उतरण्यास मनाई केली जाते आणि किनारा रिकामा होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ताजे मासेही महाग. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीत काशीदजवळचा जुना पूल कोसळला आणि अलिबाग-मुरूड रस्ता तुटला. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का-मांडवा रो-रो सेवा आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आल्याने मुंबई जवळ आली हे खरे. पण जवळ आलेला ग्राहक एका दिवसात परतही जातो. अशा ठिकाणी सात-आठ महिन्यांच्या धंद्यावर वर्षभराचे भाडे आणि कर्जाचा हप्ता काढायचा असतो.

मग मार्ग काय?

मार्ग फिलिपिनो पाटीतच आहे. हालो-हालो आणि सागोत गुलामान ग्लासात देता येतात, चमच्याने खाता येतात. काचेचा किंवा स्टीलचा ग्लास आणि लांब चमचा वापरला तर स्ट्रॉची गरजच उरत नाही. फालुदेवाला हे कित्येक वर्षे करतो आहे. चार तासांत खराब होणाऱ्या गोळ्यांऐवजी भिजवलेला सब्जा वापरता येतो. तो मागणीनुसार काही मिनिटांत तयार होतो आणि उरला तरी नुकसान नगण्य.

दुसरा पर्याय ‘नाता दे कोको’. नारळपाण्यात साखर आणि आम्ल घालून विशिष्ट जीवाणूंच्या मदतीने आठ-दहा दिवस आंबवले की वर पांढरी, चिवट साय धरते. तिचे चौकोनी तुकडे म्हणजे बबल टीतली नारळाची जेली. हा पदार्थ मूळचा फिलिपिन्सचाच. पाकात हवाबंद ठेवली तर ही जेली महिनोन्महिने टिकते, म्हणजे मंगळवारच्या आठ कपांचा प्रश्न सुटतो. खानावळी आणि घरगुती जेवण देणाऱ्यांकडे नारळ फोडल्यावर निघणारे पाणी बहुतेकदा मोरीत जाते. मात्र आंबवण्यात स्वच्छता चुकली तर नको ते जंतू वाढतात. त्यामुळे हे काम प्रशिक्षण आणि तपासणीशिवाय करण्यासारखे नाही. चौल, रेवदंडा, नागाव या वाड्यांच्या पट्ट्यातील एखाद्या बचत गटाला ते जमू शकते. उबेची आयात केलेली पावडर आणण्यापेक्षा थंडीत कोनफळ उकडून लगदा फ्रीजरमध्ये ठेवणे स्वस्त पडेल.

पुढे काय पाहायचे?

काशीदला बबल टी येणे ही आज ना उद्याची गोष्ट आहे. ग्राहक तयार आहे आणि बराचसा कच्चा माल इथलाच आहे. प्रश्न आहे तो कोणत्या रूपात येईल याचा. प्लास्टिकच्या कपात, बाहेरच्या पाकिटातून आणि बाहेरच्या मालकाच्या गल्ल्यात, की स्टीलच्या ग्लासात, वाडीतल्या नारळातून आणि स्थानिकाच्या नावावरच्या परवान्याने? त्यासाठी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागेल. शॅक धोरणाच्या यादीत काशीदचे नाव येते का, प्लास्टिकबंदीची तपासणी किनाऱ्यापर्यंत पोहोचते का आणि नारळावरच्या प्रक्रियेचे प्रशिक्षण बचत गटांना मिळते का. यातला परवाना सर्वांत आधी हवा, कारण जागा आपली नसेल तर उरलेल्या दोन्ही गोष्टींचा फायदा दुसऱ्याच्या दुकानात जातो.