बांधावरची सगळी रुई तोडू नका

आपल्याला पाखरांची नावे येतात, पण फुलपाखरू दिसले की आपण नुसते फुलपाखरूच म्हणतो. रुईपाशी जे नारिंगी, काळ्या कडांचे फुलपाखरू सावकाश उडते, त्याचे नाव बिबळ्या कडवा. मला हे नाव फार आवडते. त्याची अळी रुईची पाने खाते. रुईचा चीक विषारी. ते विष अळीच्या अंगात राहते आणि फुलपाखरू झाले तरी जात नाही. पाखराने एकदा चोच मारली की थू थू करते, अन् पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून तर तो एवढा बिनघोर उडतो!

इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात आणि आफ्रिकन मोनार्कसुद्धा. मोनार्क म्हणजे राजा. खरा मोनार्क अमेरिकेत असतो, तो आपल्या कडव्याचा भाऊबंद. ऑस्ट्रेलियात त्यालाच वाँडरर म्हणजे भटक्या म्हणतात. उन्हाळ्यातला मोनार्क थोडे आठवडेच जगतो, पण थंडीच्या आधी जन्मलेला आठ महिने जगतो. तो कॅनडाकडून उडत थेट मेक्सिकोला जातो, हजारो किलोमीटर! नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे पितरांचा सण असतो. तेव्हाच ही फुलपाखरे येतात, म्हणून लोक म्हणतात आपले पूर्वज आले. आपण पित्रांत कावळ्याला घास ठेवतो, तसेच हे. त्यांचे जंगल 2008 साली जागतिक वारसा झाले. तरी मोनार्क कमी झाले, कारण वाटेवरच्या शेतांत त्यांच्या अळीची चिकाची झाडे तणनाशकाने मेली.

आपल्या कळवणकडे पण कांद्याच्या बांधावर औषध मारतात अन् रुई जळते. मोठी माणसे म्हणतात, रुई काय कामाची, गुरे तोंड लावत नाहीत, चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. ते खरे आहे, पोरांनी चिकाला हात लावूच नये. पण शनिवारी मारुतीला रुईचीच माळ लागते ना? मग ती काय बाजारातून विकत आणायची? माझे मत असे की बांधाच्या कोपऱ्याला, जिथे नांगर जात नाही, तिथे दोन-तीन झाडे ठेवावीत.

पाऊस उघडला की पानाखाली वाकून बघा. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसेल. तिच्या पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. मोनार्कच्या अळीला दोनच असतात. आपल्या कडव्याला एक जोडी जास्त!