पत्ता आपला, आकडा कुणाचाच नाही

मागच्या सोमवारी आपल्या गावातल्या काही मंडळींनी मोबाईल टॉवर हटवण्याचं निवेदन माझ्या हातात दिलं. ‘भाऊ, मोठी बातमी लावा.’ वर्षभरात एकाच भागातल्या दोन मुलांना ब्रेन ट्यूमर निघाला, त्यातलं एक लेकरू गेलं. लोकांचा राग समजू शकतो. मी बातमी लावली नाही. का नाही लावली, हे विचारणाऱ्यांसाठी ही पोस्ट. जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मीच ‘तालुक्यात कॅन्सरचा विळखा’ अशी हेडलाईन दिली होती. आधार काय, तर एका कार्यक्रमात ऐकलेलं भाषण. किती लोकसंख्येत किती रुग्ण, आधी किती होते, हे मी विचारलंच नव्हतं. यावेळी विचारायचं ठरवलं. तालुक्याला विचारलं, जिल्ह्याला विचारलं. उत्तर एकच मिळालं, ‘असा वेगळा आकडा आमच्याकडे नसतो.’

मग हा आकडा कोण ठेवतं? त्याला म्हणतात कॅन्सर रजिस्ट्री. म्हणजे ठरावीक भागात राहणाऱ्या प्रत्येक नव्या कॅन्सर रुग्णाची नोंद. देशातली अशी पहिली रजिस्ट्री मुंबईत साठच्या दशकात सुरू झाली. 1982 पासून आयसीएमआरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात नोंदी होऊ लागल्या. आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री आपल्या बार्शीची, 1987 ची. बार्शी, परांडा, भूम या भागातल्या गावांत कर्मचारी स्वतः फिरायचे, पारावर, अंगणवाडीत लोकांशी बोलायचे, लक्षणं समजावून सांगायचे आणि संशय आला तर दवाखान्यात पाठवायचे. कारण खेड्यातला माणूस दवाखान्यात आलाच नाही, तर दवाखान्याचं रजिस्टर चाळून काय सापडणार? या फिरण्याचा फायदा असा झाला, की बायकांचा गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडू लागला. म्हणजे नोंदणी ही नुसती कारकुनी नाही, तिने जीव वाचतात.

आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी, उस्मानाबाद-बीड अशा काही रजिस्ट्री आहेत. पण देशभरातल्या सगळ्या मिळून लोकसंख्येचा छोटासाच हिस्सा त्यांच्याखाली येतो. आपला जिल्हा त्यात नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. आपल्या गावचं पोर मुंबईला नेलं, तिथं ऑपरेशन झालं. त्या हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव असतं. पण मुंबईच्या लोकसंख्येच्या आकड्यात ते धरत नाहीत, कारण पत्ता आपला आहे. आणि आपल्याकडे मोजणारं कुणी नाही. म्हणजे पोर आजारी पडलं, बापाने वावर गहाण टाकलं, पोर गेलं. पण ‘दर लाख मुलांमागे किती’ या हिशेबात ते कधी आलंच नाही. घरी मरण आलं तर आणखी अवघड. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी पावभागापेक्षाही कमी मृत्यूंचं कारण डॉक्टरी दाखल्यानिशी नोंदलं जातं.

आता मुलांच्या ब्रेन ट्यूमरचे आकडे बघा. अमेरिकेत साधे आणि कॅन्सरचे असे सगळे ट्यूमर धरले, तर 15 वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण 5 ते 6 नवे रुग्ण सापडतात. भारतातल्या बहुतेक रजिस्ट्रींत हाच दर 1-2 च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. वाचून बरं वाटेल, आपली पोरं सुरक्षित! पण थांबा. एक तर आपल्या अहवालांत मुख्यतः कॅन्सरचेच ट्यूमर मोजतात, साधे नाहीत. खरं तर कवटीच्या आत जागाच नसते, त्यामुळे साधी गाठसुद्धा जीव घेऊ शकते. दुसरं म्हणजे रक्ताचा कॅन्सर रक्ततपासणीत दिसतो, मेंदूतल्या गाठीला सीटी किंवा एमआरआय लागतो. ती मशीन जिथं आहे, तिथंच रोग ‘असतो’. म्हणून तज्ज्ञांना शंका आहे, की आपला कमी आकडा हा कमी आजाराचा नसून न सापडलेल्या पोरांचा आहे. अमेरिकेत कॅन्सरने दगावणाऱ्या मुलांत आज ब्रेन ट्यूमरचा नंबर पहिला आहे. आपल्याकडे तो खाली दिसतो, यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

आता टॉवर. मोबाईल आणि मुलांचा ब्रेन ट्यूमर यावर मोठे अभ्यास झाले आहेत. युरोपातल्या चार देशांचा अभ्यास 2011 मध्ये आला. त्यानंतर 14 देशांचा ‘मोबी-किड्स’ झाला, त्यात भारतही होता. मोबाईल वापरामुळे धोका वाढतो असं दोन्हींत दिसलं नाही. आणि कानाला लावलेल्या फोनपेक्षा लांबच्या टॉवरच्या लहरी डोक्याला कितीतरी कमी लागतात. ज्याचा धोका खरोखर सिद्ध झालाय तो म्हणजे डोक्याला दिलेलं क्ष-किरणांसारखं रेडिएशन. इस्रायलमध्ये पूर्वी डोक्यावरच्या नायट्यासाठी हजारो मुलांना असं रेडिएशन दिलं गेलं. पुढे त्यांची नावं कॅन्सर रजिस्ट्रीशी ताडून पाहिली, तेव्हा त्यांच्यात मेंदूच्या ट्यूमरचं प्रमाण जास्त निघालं. रजिस्ट्री असली की असा छडा लागतो. (म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला सीटी टाळू नका. गरजेच्या तपासणीचा फायदा मोठा असतो.) काही थोड्या मुलांत जनुकीय दोष कारण असतो. बाकी बहुतेकांत कारण सापडत नाही. आईबापाची चूक तर मुळीच नसते, हे त्या घरी जाऊन कुणीतरी सांगायला हवं.

मग दोन केसेस एकाच भागात कशा? समजा 60 हजारांचं गाव, त्यात 15 हजार मुलं. अमेरिकेचा दर लावला तरी वर्षाला एकही पूर्ण केस होत नाही. पण गणित असंही सांगतं, की अशा सहा गावांपैकी एखाद्या गावात निव्वळ योगायोगाने वर्षात दोन किंवा जास्त केसेस निघतील. आणि केसेस कळल्यावर आपण गल्लीची हद्द आखली, तर गल्ली दोषी दिसणारच. तरीही ‘योगायोगच आहे’ असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कारण मागच्या दहा वर्षांची नोंदच नाही. टॉवरवाल्यांना निर्दोष ठरवायला आणि दोषी ठरवायलाही तीच वही लागते, आणि ती वही आपल्याकडे नाही.

गेलेल्या मुलाच्या वडलांशी बोललो. पोराला सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी व्हायची, दुपारी बरं वाटायचं. आधी पित्त म्हणून औषध. मग चष्मा. मग ‘शाळा बुडवायची नाटकं’ म्हणून मार. मग बाहेरचं काही म्हणून उतारा. चालताना तोल जायला लागला तेव्हा सीटी झाला. यात सात महिने गेले. ते म्हणाले, ‘टॉवरचं मला माहीत नाही साहेब. कुणी आधी सांगितलं असतं तर...’ वाक्य पुरं केलं नाही त्यांनी.

ब्रिटनमध्ये 2011 पासून पालक आणि डॉक्टरांना ही लक्षणं सांगणारी ‘हेडस्मार्ट’ मोहीम राबवली. निदानाला आधी चौदा आठवड्यांच्या आसपास लागायचे, ते सातच्या आत आले. त्यासाठी कार्ड छापली, ती शाळांत, दवाखान्यांत वाटली. एवढं तर आपणही करू शकतो.

म्हणून त्या निवेदनात टॉवरऐवजी या तीन मागण्या लिहा, मी पहिल्या पानावर लावायला सांगतो.

1. आपला जिल्हा कॅन्सर रजिस्ट्रीत घ्या. फुले योजनेत उपचार घेतलेल्या मुलांची यादी सरकारकडे आहेच, ती नोंदणीला जोडा. कॅन्सरची नोंद सक्तीची करा अशी शिफारस संसदीय समितीने 2022 मध्येच केली आहे.

2. शाळा-अंगणवाड्यांत आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकाच्या यादीत ही लक्षणं ठळकपणे घ्या.

3. जिल्हा रुग्णालयात अशा मुलाचा सीटी आठवड्याच्या आत, तारीख न देता.

आणि पालकांनो, मुलाला वारंवार सकाळची उलटी किंवा डोकेदुखी, तोल जाणं, अचानक तिरळेपणा, मान एका बाजूला धरणं, झटके, तान्ह्या बाळाचं डोकं झपाट्याने वाढणं, यातलं काही दिसलं तर बहुतेक वेळा कारण साधंच निघेल. पण दोन आठवड्यांत थांबलं नाही तर थेट विचारा, ‘डॉक्टर, डोक्यात काही असेल का?’ झटका आला किंवा तोल जायला लागला तर दोन आठवडेही थांबू नका.

टॉवर हलवला तर आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळेल. पण पुढचं पोर पुन्हा पित्ताच्या गोळ्याच खात बसेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. फक्त त्या दोन्ही घरांची नावं लिहू नका, हात जोडून विनंती.