बेकारांचा छंद आणि साधनांची मालकी

पुण्याच्या हिंजवडीतील एखाद्या कंपनीने कामावरून कमी केलेला तरुण सोलापूरला घरी परततो, तेव्हा त्याच्या पुढच्या काही महिन्यांविषयी समाजाची दोन मते ठरलेली असतात. घरच्यांचे मत असे की, पोरगा रिकामा बसला आहे. वृत्तपत्री सल्लागारांचे मत असे की, त्याने ताबडतोब नवे कौशल्य संपादन करून बाजारात पुन्हा उभे राहावे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हाही हीच दोन मते ऐकू आली. ज्या शहराने जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या एकामागून एक बंद पडताना पाहिल्या, त्या शहराला बेकारी नवी नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाणाऱ्या मुलांचा तोच प्रश्न आता नव्या वेषात परत आला आहे, एवढेच.

या रिकाम्या दिवसांत काही तरुण घरातील जुन्या संगणकावर लिनक्स बसवून पाहतात. त्या उद्योगाला कोणी छंद म्हणते, कोणी वेळ घालवणे म्हणते. समाजवादी कार्यकर्त्याने मात्र त्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. कारण उत्पादनाच्या साधनावर मालकी कोणाची, हा आपल्या विचाराच्या गाभ्याचा प्रश्नच त्या जुन्या यंत्रासमोर बसलेला आहे.

छंदाचे स्वरूप

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली आहे. म्हणजे यंत्राचे सुटे भाग आणि त्यावर काम करणारा माणूस यांच्यामधला सारा व्यवहार सांभाळणारी मूळ व्यवस्था. बहुतेक घरगुती संगणकांवर ही जागा मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने व्यापलेली आहे. लिनक्स इंटरनेटवरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते, पेन ड्राइव्हवरून प्रथम नुसते चालवून पाहता येते आणि पसंत पडल्यास कायमचे बसवता येते. डेबियन, उबुंटू, मिंट अशा त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत. त्यांतील हलक्या आवृत्त्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यंत्रावरही चालतात.

प्रारंभी अडचणी येतात. कधी वायफाय लागत नाही, कधी प्रिंटर ओळखला जात नाही. मग तो तरुण काळ्या पडद्यावर आज्ञा टंकतो, यंत्राने दाखवलेली चूक वाचतो, तिचा अर्थ शोधतो, पुन्हा करून पाहतो. चार दिवसांनी वायफाय लागते. आणि ते आधी का लागत नव्हते, हेही त्याला कळलेले असते. कंपनीत त्याच्या वाट्याला कामाचा जो तुकडा आला होता तो इतका लहान होता की, संपूर्ण यंत्र कसे चालते हे त्याने समजून घ्यावे अशी गरज कोणाला वाटली नव्हती. श्रमाच्या अशा तुकडेबंदीतून येणाऱ्या परात्मतेविषयी अभ्यासवर्गांतून पुष्कळ बोलले जाते. तिच्यावरचा एक छोटासा उतारा सोलापूरच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात, कोणी न सांगता, शोधला जातो आहे.

भांडवलाने मात्र छंदाला कधीच क्षुल्लक मानलेले नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी अमेरिकेतील संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. आपल्या कंपनीने रचलेल्या आज्ञावलीच्या नकला हौशी लोक आपापसांत वाटतात, ही चोरी आहे. आणि मोबदला न मिळता असे कसबी काम करील कोण, असा त्याचा आशय होता. त्या कामासाठी वापरलेल्या संगणक-वेळेची किंमत चाळीस हजार डॉलरांहून अधिक असल्याचेही पत्रात म्हटले होते. तो वेळ हार्वर्ड विद्यापीठातल्या, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या म्हणजेच सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या यंत्रावरचा होता, हे मात्र म्हटले नव्हते.

मोबदल्याविना काम कोण करील, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिले. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाची मुक्त कार्यप्रणाली उभारण्याची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांचा विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने हप्त्यांवर घेतलेल्या संगणकावर त्या व्यवस्थेला लागणारा गाभा रचला, आणि हा आपला केवळ छंद आहे असे सांगून तो सर्वांना खुला केला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटातही त्याचाच गाभा आहे.

कूळ आणि खंड

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दातून फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ निघतात व त्यातून बराच घोटाळा होतो. मराठीत तसे होण्याचे कारण नाही. लिनक्सचे महत्त्व ते फुकट असण्यात थोडे आणि मुक्त असण्यात फार आहे. कोणत्याही कारणासाठी ते चालवावे, त्याची रचना अभ्यासून बदलावी, त्याच्या प्रती वाटाव्यात आणि बदललेली आवृत्तीही वाटावी, असे चार अधिकार वापरणाऱ्यास मिळतात. टोरवाल्ड्स यांनी १९९२ मध्ये स्वीकारलेल्या ग्नू परवान्यात एक अटही आहे: जो ते पुढे वाटील त्याने हेच अधिकार पुढच्या माणसालाही दिले पाहिजेत. म्हणजे खासगी मालकीच्या रक्षणासाठी केलेला स्वामित्व-हक्काचा कायदाच येथे सामाईक मालकीच्या रक्षणासाठी राबवलेला आहे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला हे कुळकायद्याच्या भाषेत सहज समजेल. विंडोज वापरणारा माणूस पैसे देऊनही मालक होत नाही. तो कूळच राहतो. आत काय आहे ते त्याने पाहायचे नाही, बदलायचे नाही, शेजाऱ्याला द्यायचे नाही. एकदा रचलेल्या आज्ञावलीची आणखी एक प्रत काढण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. तेव्हा वर्षानुवर्षे आकारली जाणारी किंमत ही बव्हंशी मक्तेदारीचा खंड असते. जमीनदाराप्रमाणे खंडाच्या अटीही मालकच बदलतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. विंडोज ११ च्या अटींत साधारण २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, माणूस त्यावर काम करू शकतो. पण मालकाने करार बदलला म्हणून ते मोडीत निघते. १ एप्रिल १९५७ रोजी या राज्यात कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याचे तत्त्व कायद्याने अमलात आले. संगणकाच्या क्षेत्रात तोच हक्क मागणारी ही चळवळ आहे.

सोलापूरला तर हे आणखी जवळचे आहे. येथील चादरीवरची नक्षी जकार्डच्या मागावर उतरते, ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या आज्ञेने. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये निघालेल्या या युक्तीवरूनच चार्ल्स बॅबेज यांना गणनयंत्राला पुठ्ठ्यांनी आज्ञा देण्याची कल्पना सुचली. मागावरच्या माणसाला तो पुठ्ठा दिसतो. कोणते भोक कोणता धागा उचलते, हे अनुभवी विणकर सांगू शकतो. बिघाड झाला तर तो उघडून पाहू शकतो. विंडोजचा पुठ्ठा कुलूपबंद पेटीत आहे. लिनक्सचा उघडा आहे. फरक एवढाच आहे आणि तो मूलभूत आहे.

जुन्या यंत्रांची जुनी गोष्ट

समाजवाद्यांचा या प्रश्नाशी संबंध आजचा नाही. आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी एके काळी तिकडे कालबाह्य झालेली यंत्रे भारतात आणून, दुरुस्त करून, येथील संस्थांना भाड्याने देत असे. विदेशी चलन नियमन कायद्यानुसार तिने आपल्या भांडवलातला हिस्सा चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणावा, असा आग्रह जनता सरकारने धरला. उद्योगमंत्री होते साथी जॉर्ज फर्नांडिस. कंपनीने ते नाकारले आणि १९७८ मध्ये देश सोडला. तेव्हा देश ठप्प होईल असे भाकीत करणारे कमी नव्हते. तिच्या यंत्रांची देखभाल सी.एम.सी. या सार्वजनिक कंपनीने हाती घेतली आणि ती निभावली. पुढे आय.बी.एम. १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीने परत आली आणि सी.एम.सी. सरकारने २००१ मध्ये टाटा समूहाला विकली. जुने यंत्र परकीय कंपनीच्या हाती असले की खंडाचे साधन होते, आणि जाणत्या कामगाराच्या हाती आले की स्वावलंबनाचे, हा त्या प्रकरणाचा धडा आजही जुना झालेला नाही.

दोन भ्रम

येथे दोन भ्रमांपासून सावध राहिले पाहिजे. पहिला असा की, लिनक्स शिकल्याने बेकारी हटेल. जगातील बहुतांश सर्व्हर लिनक्सवर चालतात, तेव्हा ते जाणणाऱ्या एखाद्याला नोकरी मिळेलही. परंतु मागणी आणि गुंतवणूक यांच्या अभावी निर्माण झालेली बेकारी व्यक्तीच्या कौशल्याने भरून निघत नाही. रांगेतले क्रमांक तेवढे बदलतात. बारा हजारांना कमी करणाऱ्या व्यवस्थेचा दोष त्या बारा हजारांच्या अज्ञानावर ढकलणे, हा कौशल्यविकासाच्या गाजावाज्याचा खरा हेतू आहे. त्या गाजावाज्यात लिनक्सची भर घालण्याचे कारण नाही.

दुसरा भ्रम असा की, मुक्त प्रणाली म्हणजे समाजवादच. आज लिनक्सच्या गाभ्याचे बरेचसे काम मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर करतात. आय.बी.एम.नेच २०१९ मध्ये रेड हॅट ही लिनक्सवर उभी असलेली कंपनी ३,४०० कोटी डॉलरांना विकत घेतली. याउलट, बँका आणि व्यापारी ज्या ओपन-एसएसएल या मुक्त आज्ञावलीच्या भरवशावर इंटरनेटवर व्यवहार करत होते, तिच्यातला गंभीर दोष २०१४ मध्ये उघड झाला, तेव्हा मूठभर माणसे वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलरांच्या देणग्यांवर तिची देखभाल करत असल्याचे जगाला कळले. श्रम सामाजिक आणि नफा खासगी, हा भांडवलशाहीचा अंतर्विरोध येथेही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्बंधांच्या कायद्यामुळे काही रशियन सहकाऱ्यांची नावे लिनक्सच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून काढण्यात आली; म्हणजे साम्राज्यवादी सत्तेची सावलीही टळलेली नाही. तरीही संहिता उघडी असल्यामुळे ती घेऊन स्वतंत्रपणे पुढे जाण्याचा मार्ग कोणालाही बंद करता येत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे निमित्त करून मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीची सेवा रोखली. ती पूर्ववत होण्यापूर्वी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. कुळाला वाड्यावर जावे लागते, तसेच हे.

राज्यसत्तेचे वळण

साधने मुक्त असली तरी ती जनतेच्या हाती आपोआप जात नाहीत. त्यासाठी राजकारण लागते. केरळात शाळांतील संगणक-शिक्षण आरंभी मायक्रोसॉफ्टच्याच वळणाने जाणार होते. शिक्षक संघटना आणि मुक्त प्रणालीचे कार्यकर्ते यांच्या आग्रहामुळे ते बदलले, आणि आज तेथील सरकारी शाळांत लिनक्सवर शिकवले जाते. महाराष्ट्रात २००१ पासून एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमातून लाखो तरुण संगणक शिकले, परंतु ते प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिस शिकले. सरकारी नोकरीच्या पात्रतेवर एका कंपनीच्या मालाची छाप बसली. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने वटहुकमाद्वारे आज्ञावलींना पेटंट देण्याची वाट उघडली होती. डाव्या पक्षांच्या आणि मुक्त प्रणालीच्या समर्थकांच्या विरोधामुळे २००५ च्या कायद्यातून ती वगळावी लागली. संघटित विरोध केला तर काय साधते, याचे हे उदाहरण आहे.

कार्यकर्त्यांचे काम

प्रथम घरापासून सुरुवात हवी. मक्तेदारीविरुद्धचे ठराव विंडोजच्या चोरट्या प्रतीवर टंकून काढायचे, ही विसंगती पुष्कळ पक्षकार्यालयांत आहे. चोरटी प्रत म्हणजे बंड नव्हे. तिच्यामुळे सवय त्याच मालाची लागते, आणि कंपनीलाही अखेर तेच हवे असते. कार्यालयातील यंत्रांवर लिनक्स आणि लिबर ऑफिस बसवावे. मराठीत काम करण्याची सोय त्यांत आहे.

त्यानंतर घरी बसून हे सारे एकट्याने शिकणाऱ्या तरुणांना शोधावे. बेकाराचा एकाकीपणा हा बेकारीइतकाच घातक असतो आणि एकट्याचा छंद लवकर विझतो. विडी कामगारांच्या वस्तीतील वाचनालयात, यंत्रमाग कामगारांच्या संघटनेच्या कचेरीत आठवड्यातून दोन संध्याकाळी कार्यशाळा चालवता येईल. भंगारात निघालेले संगणक गोळा करावेत, या तरुणांनी ते दुरुस्त करावेत आणि विडी वळणाऱ्या आईच्या मुलीला ते उघडून पाहायला शिकवावे. डेबियनच्या स्वयंसेवकांनी १९९७ मध्ये स्वतःचा सामाजिक करार लिहिला आणि त्यांचा नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो. अशा कार्यशाळांचा कारभारही तसाच सभासदांच्या हाती असावा. शिकवणाऱ्याला मानधन मिळावे, कारण समाजवाद्यांनी तरी फुकट श्रमाचे उदात्तीकरण करू नये.

याच्या जोडीला मागण्या स्पष्ट असाव्यात: राज्याच्या संगणक-अभ्यासक्रमांत मुक्त प्रणालीला प्रथम स्थान, सरकारी पैशाने बनलेली आज्ञावली जनतेला खुली, आणि कामावरून कमी केलेल्या माहिती-तंत्रज्ञान कामगारांना नुकसानभरपाई व संघटनेचा हक्क. शेवटची मागणी सोडून पहिल्या दोन मागणे म्हणजे अवजार मागून हात विसरणे होय. १९३० मध्ये लष्करी कायद्याला तोंड देणाऱ्या सोलापूरच्या श्रमिकांनी स्वातंत्र्याची वाट कोणी मोकळी करून देईल म्हणून पाहिली नव्हती. त्यांच्या नातवंडांच्या हातात आज निदान एक उघडे यंत्र आहे. त्यांच्या शेजारी जाऊन बसणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.