खेळाडूंच्या अस्वच्छतेचा गुन्हेगार कोण?

परवा एका क्रीडास्पर्धेच्या बक्षीस समारंभाला श्रोता म्हणून उपस्थित राहण्याचा योग आला. प्रमुख पाहुणे स्वतः एके काळचे नावाजलेले खेळाडू. त्यांनी आजच्या तरुण खेळाडूंवर चांगलेच कोरडे ओढले. आमच्या वेळी सराव संपला की सारा संघ एकत्र अंघोळ करून, कपडे धुऊन मगच घरी जात असे. आजची मुले घामाने थबथबलेले कपडे पिशवीत कोंबतात, अंगावर सुगंधी फवारा मारतात आणि मोटारसायकलवरून पसार होतात. लाज आणि आळस या दोन रोगांनी ही पिढी ग्रासलेली आहे, असा त्यांच्या भाषणाचा सूर होता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

समारंभ आटोपल्यावर मी मैदानालगतच्या कपडे बदलण्याच्या खोलीत डोकावलो. तेथे दोन नळ होते आणि दोन्ही कोरडे होते. न्हाणीघराचे दार बिजागरीतून निखळले होते. कोणीतरी ते भिंतीला टेकवून ठेवले होते. कोपऱ्यात मंडपवाल्याच्या खुर्च्यांची चळत रचलेली होती. मुलींच्या खोलीला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे, हे तेथे कोणालाच सांगता येईना. टाळ्या वाजवणाऱ्या मान्यवरांपैकी एकानेही ही खोली पाहिलेली नसावी. ती पाहिली असती, तर लाज कोणाला वाटली पाहिजे, हा प्रश्न त्यांना नक्कीच पडला असता.

पाहुण्यांनी केलेले वर्णन खोटे होते असे माझे म्हणणे नाही. खेळाडूंची वृत्ती बदलली आहे, हे खरेच आहे. संघाबरोबर उघड्यावर अंघोळ करणे आजच्या मुलांना नको असते. खिशाखिशात कॅमेरा असलेल्या या काळात ते नको वाटणे सर्वस्वी रास्त आहे. माझा आक्षेप आहे तो या बदलाच्या मीमांसेला. सामाजिक व्यवस्थेने हात झटकले की त्याचा दोष व्यक्तीच्या चारित्र्यावर टाकायचा, ही आपल्या प्रतिष्ठित वर्गाची जुनी खोड आहे. गरिबाला तो उधळ्या म्हणतो, बेकाराला आळशी म्हणतो. त्याच न्यायाने पाणी नसलेल्या खेळाडूला आता तो अस्वच्छ म्हणू लागला आहे.

हा बदल केवळ आपल्याकडचा नाही. ज्या अमेरिकेतून ‘लॉकर रूम’ हा शब्द जगभर गेला, तेथील शाळांत व्यायामाच्या तासानंतर सामुदायिक अंघोळ सक्तीची असण्याची प्रथा कित्येक दशके होती. १९९४ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॉलिडेज्बर्ग येथे एका स्थूल मुलीला या सक्तीपायी सोसाव्या लागणाऱ्या मानहानीचा प्रश्न पुढे आला. नागरी स्वातंत्र्यांसाठी लढणाऱ्या संघटनेने न्यायालयात जाण्याचा इशारा दिला आणि शाळेच्या चालकांना सक्ती मागे घ्यावी लागली. अन्यत्रही ही सक्ती ओसरत गेली. मुलीची बाजू न्यायाची होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु सक्ती गेल्यावर आडोसा, दार आणि स्वतंत्र मोरी देऊन तीच सोय सन्मानाने उपलब्ध करून द्यावी, हे पुढचे पाऊल टाकण्याऐवजी अंघोळच सोडून देणे बहुतेकांना स्वस्त वाटले. सक्ती आणि सोय यांतला फरक न ओळखल्याचा हा परिणाम आहे.

हा फरक ज्यांनी अचूक ओळखला, ते होते ब्रिटनमधील खाणकामगार. या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट आहे. कामगार कोळशाने माखलेल्या अंगानेच घरी येई, आणि त्याची पत्नी चुलीवर पाणी तापवून पत्र्याच्या टबात त्याच्या अंघोळीची व्यवस्था करी. १९११ च्या कायद्याने खाणीवर स्नानगृह बांधण्याची तरतूद झाली. पण त्यासाठी दोनतृतीयांश कामगारांची संमती आणि खर्चात त्यांचाही वाटा, अशी अट होती. कामगारांतही विरोध होता. पाठ धुतली की ती कमकुवत होते, असा समज होता. चारचौघांत कपडे उतरवण्याचा संकोचही होता. आपले पाहुणे तेथे असते, तर त्यांनी या कामगारांना आळशी ठरवून व्याख्यान झोडले असते. मजूर चळवळीने तसे केले नाही. १९१९ मध्ये एलिझाबेथ अँड्र्यूज आणि त्यांच्यासारख्या खाणकामगारांच्या स्त्रियांनी सँकी आयोगापुढे साक्ष दिली आणि घरातील स्त्रीच्या कष्टांचा हिशेब मांडला. १९२० साली दर टन कोळशामागे एक पेनी आकारून कामगार कल्याण निधी उभा राहिला, आणि १९२६ मध्ये खाणमालकीच्या स्वामित्वशुल्कावर खास स्नानगृहांसाठी कर बसला. त्यातून गरम पाण्याचे फवारे, आडोसे आणि प्रत्येकासाठी दोन कपाटे, एक स्वच्छ कपड्यांचे व एक कामाच्या कपड्यांचे, अशा इमारती उभ्या राहिल्या. सोय आली आणि मग सवय आली. ज्यांची पाठ पाण्याला भीत होती, त्यांचीच मुले पुढे स्नानगृहाशिवाय खाणीची कल्पना करीनाशी झाली.

आपल्या देशातही ही जाणीव नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४२ व्या कलमाने कामगारांसाठी धुण्याची पुरेशी सोय, आणि स्त्री व पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र व आडोशाची सोय, ही मालकाची जबाबदारी ठरवली. ४३ व्या कलमाने कपडे ठेवण्याची व ओले कपडे वाळवण्याची जागा देण्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. घाम गाळणाऱ्या माणसाला पाणी, आडोसा आणि कपडे वाळवायला दोरी मिळाली पाहिजे, हे ज्या देशाने स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी लिहून ठेवले, त्याच देशात तालुक्याच्या मैदानावर चार तास घाम गाळणाऱ्या मुलीला यांतले काहीही मिळत नाही. ती मजुरी घेत नाही, एवढाच तिचा अपराध!

‘घरी जाऊन अंघोळ करावी, त्यात काय बिघडले?’ असा युक्तिवाद काही सुशिक्षित मंडळी करतात. ज्याच्या सदनिकेत चोवीस तास पाणी आणि गिझर आहे, त्याचे काहीच बिघडत नाही. परंतु ज्याच्या वस्तीत नळाला पहाटे तासभर पाणी येते, त्याने संध्याकाळी सात वाजता कोणत्या पाण्याने अंघोळ करावी? जो एसटीने दीड तास प्रवास करून गावी पोहोचतो, त्याने तोवर ओले कपडे अंगावरच वाळवायचे काय? सामाईक सोय मोडली की ती सर्वांसाठी सारखी मोडत नाही. श्रीमंत ती विकत घेतो आणि गरीब तिच्यावाचून राहतो. अर्थशास्त्रज्ञ गालब्रेथ यांनी १९५८ साली ‘द अफ्लुअंट सोसायटी’ या ग्रंथात खाजगी सुबत्ता आणि सार्वजनिक दैन्य यांच्या सहवासाकडे लक्ष वेधले होते. दोनशे रुपयांचा सुगंधी फवारा मुलाच्या पिशवीत आणि दोन रुपयांचा वायसर नसलेला नळ मैदानावर, यापेक्षा त्या विधानाचा बोलका पुरावा कोणता?

या पापात मीही वाटेकरी आहे, हे कबूल केले पाहिजे. महाविद्यालयात असताना मी काही वर्षे जिमखान्याच्या समितीवर होतो. अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली की पहिला बळी देखभालीच्या रकमेचा जाई. नव्या चषकांसाठी पैसे निघत, पाहुण्यांच्या शालींसाठी निघत, कोनशिलेसाठी तर हमखास निघत. नळाच्या दुरुस्तीची कोनशिला बसत नाही. एके वर्षी खेळाडूंच्या न्हाणीघराचे साहित्याच्या कोठारात रूपांतर करण्याचा ठराव आला आणि सार्वजनिक वस्तूंचा सिद्धान्त सकाळीच वर्गात शिकवून आलेल्या या प्राध्यापकाने त्यावर मुकाट्याने सही केली.

स्वच्छता ही खाजगी बाब आहे, हा समज अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. एकाच्या अस्वच्छतेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. २००३ च्या हंगामात अमेरिकेतील सेंट लुइस रॅम्स या धनाढ्य व्यावसायिक फुटबॉल संघात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूचा प्रादुर्भाव झाला. ५८ पैकी ५ खेळाडूंना मिळून आठ वेळा संसर्ग झाला. कृत्रिम हिरवळीवर खरचटलेल्या जागी तो जंतू शिरला होता. तपासणीत काय आढळले? एकच टॉवेल अनेकांनी वापरणे, अंग न धुताच सामाईक टबात उतरणे, आणि मालीश व मलमपट्टी करणाऱ्यांनी वेळोवेळी हात न धुणे. म्हणजे कोट्यधीशांच्या संघालाही सामाईक शिस्तीवाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे गेल्या दहाएक वर्षांत नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या गजकर्णाने डॉक्टरांना जेरीस आणले आहे. कुस्ती आणि कबड्डीत अंगाला अंग घासते, मॅट सर्वांची एकच असते. मॅट पुसली जात नाही, कपडे वाळत नाहीत. आणि मुलगा औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम परस्पर घेऊन चोळत बसतो. खाज तात्पुरती थांबते, रोग मात्र बळावतो. सामाईक दुखण्यावर खाजगी उपाय केल्याचे फळ याहून वेगळे काय असणार?

आता पाहुण्यांच्या ‘आमच्या वेळी’कडे वळू. आमच्या तालमीत शिस्त होती, यात शंका नाही. हौद्यातली लाल माती नेमाने खणली जाई. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळले जाई. हौद्यात पायताण घालून कोणी जात नसे. झाडलोट पठ्ठेच करीत. घाम जिरल्यावरच अंघोळ, हा वस्तादांचा दंडक होता. पण ही शिस्त कोणाच्या रक्तातून आली नव्हती. विहीर जवळ होती, मातीला आश्रयदात्याचा पैसा होता आणि काम वाटून घेतलेले होते. शिवाय त्या तालमीची दारे स्त्रियांना बंद होती, हे विसरून तिचे गोडवे गाणे बरे नव्हे. जुने दिवस परत आणा, असे मी म्हणणार नाही. त्यांतील वाटून घेतलेले काम तेवढे घ्यावे आणि बंद दार टाकून द्यावे.

काम वाटून घेण्याचा मुद्दा आला की आपल्या समाजाचे खरे दुखणे उघडे पडते. २०१८ च्या विश्वचषकात बेल्जियमकडून हरल्यावर जपानी फुटबॉल संघाने आपली ड्रेसिंग रूम लख्ख करून ठेवली, तेव्हा आपल्याकडेही कौतुकाचे पाट वाहिले. जपानी शाळांत मुले स्वतः वर्ग झाडतात, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. आपल्याकडे केरसुणीला जात चिकटवलेली आहे. मोरी तुंबली तर ती साफ करणारा ‘कोणीतरी’ असतो, आणि तो कोणीतरी कोणत्या वस्तीतून येतो हे सर्वांना ठाऊक असते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून उपोषण केले होते. त्या महाराष्ट्रात आज संघाचा कर्णधार हातात खराटा घेईल काय? जोवर तो घेत नाही, तोवर नवे नळही वर्षभरात तुंबतील. येथे मी तरुणांनाही सोडणार नाही. सोय हा तुमचा हक्क आहे. तिची निगा हे तुमचे कर्तव्य आहे.

सर्वांत मोठी किंमत मोजतात त्या मुली. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील सहारणपूर येथे १७ वर्षांखालील मुलींच्या राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धेत खेळाडूंसाठी शिजवलेला भात स्वच्छतागृहात ठेवलेला आढळला. देशभर संताप उसळला, क्रीडाधिकारी निलंबित झाला आणि प्रकरण मिटले. एका अधिकाऱ्याच्या निलंबनाने देशातील कोणत्या मैदानावर एक तरी दार बसले? मागे एका तालुक्याच्या स्पर्धेत एका चुणचुणीत चढाईपटूने मला जे सांगितले, ते मी विसरू शकत नाही. सामन्याच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नाही, कारण दिवसभर जायला जागा नसते. आणि महिन्याच्या त्या चार दिवसांत ती सरावालाच येत नाही. तिची मोठी बहीण तिच्याहून चांगली खेळायची. तिने दहावीत असतानाच खेळ सोडला. आमच्या पाहुण्यांच्या शब्दकोशात या मुलीचे नाव ‘लाज’ असेल. मला ती आपल्या सर्वांच्या निर्लज्जपणाची बळी वाटते.

म्हणून उपदेश पुरे झाला. आता मागण्या मांडल्या पाहिजेत. ज्या मैदानावर वाहते पाणी, मुलामुलींसाठी कडी असलेल्या दारांच्या स्वतंत्र मोऱ्या आणि कपडे वाळवण्याची जागा नाही, तेथे कोणत्याही स्पर्धेला मान्यता व अनुदान देऊ नये. प्रत्येक क्रीडासंकुलाच्या अंदाजपत्रकात देखभालीची रक्कम स्वतंत्र असावी आणि ती चषकांकडे वळवता येऊ नये. कपडे बदलण्याच्या खोलीत मोबाइलला बंदी असावी. मॅट पुसण्याची आणि खोली झाडण्याची पाळी खेळाडूंत फिरती असावी आणि त्यातून कर्णधाराला सूट नसावी. यांतल्या कशालाही परदेशी तज्ज्ञ लागत नाही. लागतो तो प्लंबर, सुतार आणि थोडी शरम.

पुढल्या बक्षीस समारंभाला मला कोणी बोलावणार नाही, याची खात्री आहे. पण ज्यांना बोलावणे येईल, त्यांना एक विनंती आहे. व्यासपीठावर चढण्यापूर्वी मुलींच्या खोलीची किल्ली मागा. ती मिळाली नाही, तर हार गळ्यात घालून घेऊ नका.