पीयूसी पास, तरी ट्रकचा धूर घातक? समजून घ्या नियम

बीड : ऊसतोडीचा हंगाम आला की जिल्ह्यातील हजारो मजूर कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटककडे निघतात. पुढचे काही महिने लहान मुलांसह त्यांचा वावर उसाच्या गाड्यांभोवतीच असतो. या गाड्यांच्या धुराबाबत नियम काय सांगतात?

नियम कोण ठरवते?
वाहनांच्या धुराची मानके केंद्र सरकार ठरवते, अंमलबजावणी राज्याच्या आरटीओकडे असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या ट्रकना बीएस-६ मानक सक्तीचे आहे.

बदल काय झाला?
अवजड डिझेल इंजिनासाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आली. त्यासाठी बहुतेक ट्रकमध्ये युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, धुरात फवारले जाते.

जुन्या ट्रकचे काय?
त्यांना उत्पादनाच्या वेळचेच मानक लागू राहते. बीएस-४ व त्यापुढील वाहनांची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या वाहनांची सहा महिने. प्रदूषणाचा नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मग अडचण कुठे?
पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजला जातो. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत. त्यामुळे डीईएफ यंत्रणा बंद पाडलेला ट्रकही पास होऊ शकतो. कारखान्यातून बाहेर पडताना कडक असलेला नियम रस्त्यावर असा सैल पडतो आणि त्याची किंमत गाडीमागे चालणारे मोजतात.