तक्रारीतून निघालेले औषध

स्किझोफ्रेनियाने, म्हणजेच छिन्नमनस्कतेने ग्रासलेला मनुष्य औषध टाकून देतो, तेव्हा घरची माणसे त्यास हट्टी ठरवितात. औषधानेच त्याचे हात कापू लागले, अंग सुटले की दिवसभर ग्लानी राहिली, हे बहुधा कोणी विचारीत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २६ सप्टेंबर २०२४ रोजी मान्य केलेल्या 'कोबेन्फी' या जोडऔषधाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

१९५२ साली पॅरिस येथे क्लोरप्रोमॅझिन मनोरुग्णांस देण्यात येऊ लागले. तेव्हापासूनची या आजारावरील औषधे मुख्यतः मेंदूतील डोपामिनच्या कार्यास आवर घालीत आली. कोबेन्फीतील झॅनोमेलिन निराळ्या मार्गाने जाते. परंतु ते नवे नव्हे. १९९० नंतरच्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांवर ते अजमावले गेले, तेव्हा त्यांचे भास कमी झालेले दिसले. तथापि मळमळ व ओकाऱ्या यांचा त्रास इतका झाला की ते बाजूस ठेवावे लागले. पुढे त्यास ट्रॉस्पियम या मूत्राशयाच्या विकारावरील जुन्या औषधाची जोड देण्यात आली. ट्रॉस्पियम मेंदूत फारसे शिरत नाही. त्यामुळे झॅनोमेलिनचे उपद्रव ते उर्वरित शरीरात थोपविते व मेंदूतील कार्य चालू राहते. रुग्णांची तक्रार खरी मानून तिच्यावर उपाय शोधला, म्हणूनच टाकलेले द्रव्य कामी आले.

मात्र एवढ्याने हुरळून जाणे योग्य नाही. मान्यतेचा मुख्य आधार पाच-पाच आठवड्यांच्या दोन चाचण्यांचा आहे. वर्षभराच्या अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. जुन्या औषधाच्या जोडीस ते दिले असता निर्विवाद लाभ होतो, हे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत सिद्ध झाले नाही. मळमळ व बद्धकोष्ठ अद्याप आहेतच. यकृताकडेही लक्ष ठेवावे लागते. वर्षानुवर्षे सोबत करणाऱ्या आजाराचा निकाल पाच आठवड्यांत लागत नसतो.

किमतीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. ब्रिस्टल मायर्स स्क्विब कंपनीने या औषधाची मूळ मालक असलेली कंपनी सुमारे १४०० कोटी डॉलरना विकत घेतली, आणि औषध बाजारात आले ते महिन्यास सुमारे १८५० डॉलर या छापील दराने. या आजारात अनेकांची नोकरी आधीच गेलेली असते. पोटाच्या त्रासाने औषध सुटले काय वा किमतीपायी सुटले काय, रुग्णाच्या वाट्यास येणारे फळ एकच.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जुन्या औषधांशी समोरासमोर तुलना करणाऱ्या दीर्घ मुदतीच्या चाचण्या व्हाव्यात, आणि रुग्ण औषध का सोडतो याची नोंद त्यांत लक्षणांइतक्याच काळजीने व्हावी. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचे लाभ व धोके रुग्णास समजेल अशा भाषेत सांगूनच त्याची संमती घ्यावी असे ठरविले आहे. सांगण्याचे कर्तव्य कायद्याने घातले. रुग्ण उलट काय सांगतो ते ऐकून घेण्याचे कर्तव्य डॉक्टरांचे आणि आपणां सर्वांचे आहे.