एका मताने काय होते?

‘एका मताने काय होणार?’ निवडणूक जवळ आली की महाविद्यालयाच्या आवारात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणारे बहुधा सुशिक्षित असतात, ही यातली गंमत! ज्यांच्या घरी जमीन आहे, मान आहे, साहेबांच्या ओळखी आहेत, त्यांचे मतावाचून खरोखरच अडत नाही. पण ज्यांच्याजवळ दुसरे काहीच नाही, त्यांनी काय करावे?

१९३७ च्या निवडणुकीत मतदार होण्यासाठी जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या. मालगुजाराला मत होते. त्याच्या शेतात राबणाऱ्या सालदाराला नव्हते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा आग्रह धरला, तो उगाच नव्हे. घटनेच्या ३२६ व्या कलमाने या अटी पुसल्या आणि १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी १७ कोटींवर नावे यादीत आली. तरी सुमारे २८ लाख स्त्रिया, बहुतेक उत्तर भारतातल्या, वगळाव्या लागल्या. कारण ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ यापलीकडे त्यांनी आपले नावच सांगितले नव्हते! बाईला स्वतःचे नाव सांगायला लावणे ही मला मोठी क्रांती वाटते, आणि ती एका सरकारी यादीने सुरू केली.

मतपेटीपुढे मोठा माणूसही निश्चिंत नसतो, हे आपल्या वर्ध्याने दाखवले आहे. वसंत साठे येथून १९८०, १९८४ आणि १९८९ असे तीनदा निवडून आले; केंद्रात मंत्री झाले. १९९१ मध्ये याच मतदारांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांना दिल्लीला पाठवले. त्याने शेतमजुरांचे दैन्य संपले, असे मी म्हणणार नाही. मात्र मजुरांच्या वस्तीला गृहीत धरता येत नाही, एवढे सर्वच पक्षांना कळले असावे.

गावात हा बदल अधिक जवळून दिसतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. ‘सरपंच बाई, कारभार नवऱ्याचा’ ही टीका खोटी नाही. पण म्हणून आरक्षणच फोल, हे मला मुळीच पटत नाही. सही तिचीच लागते, ग्रामसभेत खुर्ची तिचीच असते. ज्या बाया चावडीवरून खाली मान घालून जात, त्या आज नळाला पाणी का नाही, हे विचारायला तिच्या दारात जातात. पुरुष सरपंचाच्या दारात त्या गेल्या असत्या काय?

१९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. म्हणजे आपल्या वर्गातील जवळजवळ सर्वच पात्र! राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण झाडे लावतो, रस्ते झाडतो. यंदा एक दिवस नमुना ६ चे अर्ज घेऊन वर्गावर्गांतून फिरावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलींपासून सुरुवात करावी. त्यांचे नाव असलेच तर गावच्या यादीत असते, आणि मतदानाच्या दिवशी आधी एस.टी.च्या भाड्याचा हिशेब करावा लागतो.